तागाच्या गावातली पदवी : डंडी, १९९७

मे १९९७. ब्रिटिश संसदेचे वरिष्ठ सभागृह, हाऊस ऑफ लॉर्ड्स. लॉर्ड कॅम्पबेल ऑफ क्रॉय हे वयोवृद्ध सभासद उभे राहतात आणि सरकारला एका व्हिडिओ गेमविषयी प्रश्न विचारतात. मोटारी चोरायच्या, माणसांना धडक देऊन पळायचे, पोलिसांना चुकवायचे, असा हा खेळ. तो अद्याप बाजारात आलेलाही नाही. त्याचे नाव 'ग्रँड थेफ्ट ऑटो'.

आता त्याच वर्षातली दुसरी घटना पाहा. हा खेळ जिथे तयार होत होता त्या डंडी शहरात, स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावर, ॲबर्टे नावाच्या एका लहानशा विद्यापीठाने कॉम्प्युटर गेम या विषयातला पदवी अभ्यासक्रम सुरू केला. जगातला असा पहिलाच, असे हे विद्यापीठ आजही अभिमानाने सांगते.

एकीकडे संसदेत चिंता, दुसरीकडे विद्यापीठात प्रवेश. आणि हे सारे लंडन, टोकियो किंवा कॅलिफोर्नियात न घडता डंडीत का घडावे? आजचा धागा त्याविषयी आहे. धागा लांब आहे. चहा घेऊन बसावे.

प्रथम हा विषय का सुचला ते सांगते. माझा मामेभाऊ यंदा बारावीला आहे. गेल्या महिन्यात त्याने घरी जाहीर केले की त्याला गेम डिझाइन शिकायचे आहे. मामा क्षणभर गप्प राहिला आणि म्हणाला, "खेळायला पण आता कॉलेज लागतं का?" त्यावर भावाने माझ्याकडे पाहिले. मी इतिहासाची विद्यार्थिनी, "इतिहास घेऊन पुढे काय?" हा प्रश्न पचवलेली. त्यामुळे घरातली असल्या बाबतींतली वकिली नेहमी माझ्याकडे येते. मी म्हटले, थांब, हे शिक्षण आले कुठून ते आधी पाहू.

ते पाहायला गेले आणि वाट निघाली ती थेट बंगालच्या तागाच्या शेतात.

डंडी हे टे नदीच्या मुखावरचे बंदर. इथे जहाजे बांधली जात, देवमाशांच्या शिकारीची गलबते इथून उत्तरेला जात आणि शहरात जाडेभरडे कापड विणले जाई. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बंगालचा ताग इथे येऊ लागला, तेव्हा एक अडचण आली. तागाचा धागा कोरडा, ठिसूळ. यंत्रावर चढवला की तुटे. देवमाशाचे तेल आणि पाणी एकत्र करून ताग त्यात मुरवला तर तो मऊ होतो, हे इथल्या गिरणीवाल्यांना उमगले. ताग बंगालचा, तेल आर्क्टिक समुद्रातले, विणणारे हात डंडीचे. पुढे क्रिमियाचे युद्ध आले, अमेरिकेतले यादवी युद्ध आले. वाळूची पोती, धान्याची पोती, गाड्यांवरची आच्छादने यांची मागणी अफाट वाढली आणि डंडी जगाची तागनगरी झाली.

या गिरण्यांत काम करणाऱ्यांत सुमारे तीन चतुर्थांश स्त्रिया होत्या. बाईला कमी मजुरी द्यावी लागे, एवढे सरळ कारण. मुलगे लहान असताना कामावर घेतले जात आणि प्रौढ मजुरी देण्याची वेळ आली की काढून टाकले जात. त्यामुळे कमावती बाई आणि घरी बसलेला नवरा हे डंडीतले सर्रास दृश्य होते. अशा पुरुषांना गावात 'किटली उकळणारे' म्हणत. हा तपशील लक्षात ठेवा. धाग्याच्या शेवटाकडे त्याची गरज लागेल.

गिरणीतल्या पैशातून शिक्षणसंस्था उभ्या राहिल्या. कापडधंद्यात गबर झालेल्या बॅक्स्टर घराण्यातल्या मेरी ॲन बॅक्स्टर यांच्या देणगीतून १८८१ मध्ये युनिव्हर्सिटी कॉलेज निघाले. स्त्री आणि पुरुष दोघांनाही तिथे शिक्षण मिळावे असे स्थापनेच्या दस्तऐवजातच लिहून घेतले होते. त्यांचे बंधू सर डेव्हिड बॅक्स्टर यांनी मृत्युपत्रात ठेवलेल्या रकमेतून १८८८ मध्ये डंडी टेक्निकल इन्स्टिट्यूट सुरू झाली. ही दुसरी संस्था म्हणजेच आजचे ॲबर्टे विद्यापीठ. गिरणीला, गोदीला, कारखान्याला लागणारे तंत्र शिकवणे हे तिचे काम.

इथे आपल्या देशाचा संबंध येतो आणि तो सुखद नाही. १८५५ मध्ये कलकत्त्याजवळ रिश्रा येथे जॉर्ज ॲकलंड याने भारतातली पहिली ताग गिरणी काढली, ती डंडीहून आणलेल्या यंत्रांवर. पुढच्या काही दशकांत हुगळीच्या काठाने गिरण्यांची रांग उभी राहिली. त्यांचे व्यवस्थापक, मिस्त्री, पर्यवेक्षक मोठ्या संख्येने डंडीचे असत. यंत्रे डंडीची, कारभारी डंडीचे, मजूर बिहार-बंगालचे आणि मजुरी डंडीहूनही कितीतरी कमी. एकोणिसावे शतक संपता संपता कलकत्त्याने डंडीला मागे टाकले. म्हणजे डंडीने स्वतःच्याच यंत्रांनी आणि स्वतःच शिकवलेल्या माणसांनी स्वतःचा धंदा बसवला! साम्राज्याच्या इतिहासात असे उलटे फासे क्वचित पडतात. पण त्यात कलकत्त्याच्या मजुराचे भले झाले असे मात्र कोणी समजू नये.

विसाव्या शतकात ताग ओसरत गेला. दुसऱ्या महायुद्धानंतर सरकारने बाहेरच्या कंपन्यांना डंडीत येण्यासाठी प्रोत्साहन दिले, त्यांत घड्याळे बनवणारी टायमेक्स होती. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला तिच्याकडे जवळजवळ सात हजार माणसे काम करत होती. आणि या माणसांतही मोठा भरणा स्त्रियांचा. बारीक, चिकाटीचे जुळणीकाम. ताग विणणाऱ्या आज्यांच्या नाती आता घड्याळाचे काटे बसवू लागल्या.

मग घड्याळांचाही बाजार पडला आणि टायमेक्सने दुसऱ्यांचा माल जुळवून द्यायला सुरुवात केली. त्यांतले एक गिऱ्हाईक होते केंब्रिजचे क्लाइव्ह सिंक्लेअर.

सिंक्लेअर यांचा 'झेडएक्स स्पेक्ट्रम' हा घरगुती संगणक एप्रिल १९८२ मध्ये आला. सर्वांत स्वस्त आवृत्ती १२५ पौंडांना. रबरी कळा, पडदा म्हणून घरचाच टीव्ही, प्रोग्रॅम साठवायला साधा कॅसेट रेकॉर्डर आणि मोठ्या आवृत्तीतही मेमरी अवघी ४८ किलोबाइट. आज आपण मोबाइलवरून पाठवतो त्या एका छायाचित्राला याच्या कितीतरी पट जागा लागते. पण हा संगणक सुरू करताच पडद्यावर बेसिक ही प्रोग्रॅमिंगची भाषा तयार असे. म्हणजे यंत्र विकत घेणारा प्रत्येक मुलगा त्याच क्षणी त्याचा कारागीरही होऊ शकत होता. ब्रिटनमध्ये एक अख्खी पिढी शयनगृहात बसून गेम लिहू लागली ती यामुळे.

हे लाखो स्पेक्ट्रम जुळवले जात होते डंडीत. कारखान्याच्या मागच्या दाराने निसटलेले स्पेक्ट्रम गावातल्या दारूच्या गुत्त्यांत स्वस्तात मिळत, अशी दंतकथा डंडीकर आजही रंगवून सांगतात. दंतकथेचा दाखला मागू नये. पण गावातल्या मुलांच्या हाती हे यंत्र लवकर आणि सहज आले, एवढे त्यातून समजते.

(जाता जाता : १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीने 'डीबी स्पेक्ट्रम प्लस' या नावाने हाच संगणक परवान्याखाली भारतातही विकला. धाग्याच्या अखेरीस त्याविषयी तुम्हाला एक विनंती आहे.)

डंडीतल्या किंग्जवे टेक्निकल कॉलेजात हौशी संगणकप्रेमींचे एक मंडळ भरत असे. मुले आपापली यंत्रे उचलून आणत, टेबलावर मांडत आणि एकमेकांचे प्रोग्रॅम पाहत. तिथे चार पोरांची गाठ पडली : डेव्हिड जोन्स, माइक डेली, रसेल के आणि स्टीव्ह हॅमंड. जोन्स टायमेक्समध्ये उमेदवारी करत होता. नोकरकपातीत त्याने कंपनीची भरपाई घेऊन नोकरी सोडली, त्या पैशांतून कमोडोर अमिगा हा अधिक ताकदीचा संगणक घेतला आणि संगणकशास्त्र शिकायला डंडीच्या त्याच जुन्या तंत्रसंस्थेत नाव घातले. अभ्यास पुरा झाला नाही. गेम पुरे होत गेले. १९८०च्या दशकाच्या अखेरीस कंपनी निघाली, 'डीएमए डिझाइन'. डीएमए म्हणजे काय, असे कोणी विचारले की ही मंडळी म्हणत, काहीच अर्थ नाही, आणि इंग्रजीत ती आद्याक्षरे जुळवूनही दाखवत.

आता एका दुपारकडे वळू, कारण गेमची कला म्हणजे काय हे या दुपारइतके चांगले मला कुठल्याच पुस्तकाने समजावलेले नाही.

ऑगस्ट १९८९. डीएमएमध्ये दुसऱ्याच एका खेळासाठी लहान सैनिकांची चित्रे काढली जात होती, १६ बाय १६ ठिपक्यांच्या चौकटीत. माइक डेलीचे म्हणणे पडले की याहून लहान, ८ बाय ८ मध्येही चालता माणूस दाखवता येईल. जेवणाच्या सुट्टीत त्याने तो करून दाखवला. एकूण ६४ ठिपके. त्यांत डोके, धड, पाय, आणि वर चाल! गॅरी टिमन्स या सहकाऱ्याने त्या चालीला आणखी लय दिली. बुटक्यांची रांग पडद्यावर चालत होती आणि एकामागून एक मरत होती. ते पाहून रसेल के म्हणाला, यात एक खेळ आहे.

तो खेळ म्हणजे 'लेमिंग्ज', फेब्रुवारी १९९१. हिरव्या केसांचे, निळ्या अंगरख्यातले बुटके न थांबता पुढे चालत राहतात. पुढे खड्डा असो की आग, त्यांना कळत नाही. खेळणाऱ्याने कोणाला खणायला लावायचे, कोणाला पूल बांधायला, कोणाला वाट अडवून उभे राहायला, आणि बाकीच्यांना सुखरूप दारापर्यंत न्यायचे. पहिल्याच दिवशी ५५,००० प्रती खपल्या असे सांगितले जाते.

६४ ठिपक्यांत डोळे काढता येत नाहीत, चेहरा काढता येत नाही. मग पाहणाऱ्याला तो माणूस का वाटतो? चालीमुळे. केस उडतात त्यामुळे. चित्रकाराने काय काढले यापेक्षा काय वगळले, आणि उरलेले किती झटकन ओळखू येते, हा तिथला प्रश्न आहे. शंभर बुटके एकाच वेळी पडद्यावर असताना खेळणाऱ्याला त्यांतला खणणारा कोण आणि चढणारा कोण हे निमिषात दिसले पाहिजे. इथे चित्र, यंत्राची मर्यादा आणि खेळाचा नियम या तिन्ही गोष्टी एकमेकींपासून सोडवताच येत नाहीत. 'गेम आर्ट', 'गेम डिझाइन' आणि 'गेम डेव्हलपमेंट' अशी तीन नावे आज माहितीपत्रकांत स्वतंत्रपणे छापली जातात; त्या दुपारी ती एकाच टेबलावर होती.

मग हे सारे कॉलेजात का गेले? हौसेने, मित्रांच्या संगतीत इतके उत्तम चालले असताना पदवी कशाला?

कारण टेबल पुरेनासे झाले. १९९४ मध्ये जपानात आणि १९९५ मध्ये युरोपात सोनीचे प्लेस्टेशन आले आणि खेळ सपाट पडद्यातून त्रिमितीत शिरला. त्रिमितीत वस्तू फिरवायची म्हणजे सदिश आणि सारणी यांचे गणित आले. प्रत्येक वस्तूचा सांगाडा लहान लहान त्रिकोणांचा; यंत्राला सेकंदाला किती त्रिकोण पेलतील याचा हिशेब ठेवत शिल्प घडवायचे. प्रकाश कुठून पडतो, कॅमेरा कुठे जातो, आदळल्यावर वस्तू कशी उसळते, हे सारे आकड्यांत मांडायचे. चार मित्रांची डीएमए काही वर्षांत शंभरेक जणांची झाली. प्रोग्रॅमर वेगळा, चित्रकार वेगळा, टप्प्यांची रचना करणारा वेगळा. इतकी माणसे शयनगृहांतून सापडणार नव्हती, आणि सापडली तरी त्यांना एकमेकांची भाषा येत नव्हती.

ॲबर्टेने १९९७ मध्ये जे सुरू केले त्याचा गाभा म्हणूनच नीरस वाटावा असा होता : गणित, भौतिकशास्त्र, सी प्लस प्लस, आलेखनतंत्र. गेम खेळत बसायला मिळेल या आशेने आलेल्या मुलांची पहिल्याच सत्रात काय अवस्था झाली असेल, याची मला कल्पना करवते. पुढे शेजारीच संगणककलेची पदवीही आली. चित्रकलेची परंपरा गावाला नवीन नव्हती. 'द डँडी' आणि 'द बीनो' ही ब्रिटिश मुलांची लाडकी चित्रसाप्ताहिके १९३७-३८ पासून डंडीच्याच डी. सी. टॉमसन प्रकाशनातून निघत होती आणि गावात नावाजलेले कलामहाविद्यालयही होते.

खरी नवी गोष्ट वर्गाबाहेर घडली. शतक बदलताना ॲबर्टेने 'डेअर टू बी डिजिटल' नावाची स्पर्धा सुरू केली. पाचेक विद्यार्थ्यांचा संघ, त्यात प्रोग्रॅमर आणि चित्रकार मिसळलेले. उन्हाळ्याचे मोजके आठवडे. एका छपराखाली बसून, उद्योगातल्या माणसांचा सल्ला घेत, खेळाचा एक चालता नमुना उभा करायचा आणि मग तो सामान्य लोकांसमोर खेळायला मांडायचा. किंग्जवेच्या त्या टेबलाची ही विद्यापीठीय आवृत्ती, असे मला वाटते. ही स्पर्धा दीड दशक चालली आणि पुढे देशोदेशींचे संघ तिथे येऊ लागले.

"जगातली पहिली" या दाव्याविषयी एक शब्द, नाहीतर खाली प्रतिसादांत भांडणे होतील. कॅनडात व्हँकुव्हरला क्लॉड कोमेर यांनी १९८८ मध्ये काढलेल्या डिजिपेन या संस्थेने निन्टेन्डोच्या सहकार्याने १९९४ मध्येच गेम प्रोग्रॅमिंगचे दोन वर्षांचे शिक्षण सुरू केले होते. ती १९९८ मध्ये अमेरिकेत रेडमंडला गेली आणि तिथे तिचे पदवी वर्ग भरू लागले. तेव्हा 'शिक्षण' म्हणायचे की 'पदवी', 'संस्था' म्हणायचे की 'विद्यापीठ', यावर पहिला कोण ते ठरते. मला या शर्यतीत फारसा रस नाही. डिजिपेनची एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी : तिथल्या विद्यार्थ्यांनी २००५ मध्ये 'नार्बाक्युलर ड्रॉप' नावाचा एक लहान खेळ केला. भिंतीवर एक दार उघडायचे, दुसऱ्या भिंतीवर दुसरे, आणि एकातून शिरून दुसऱ्यातून बाहेर पडायचे. व्हॉल्व्ह कंपनीने तो पाहिला आणि सगळा चमूच नोकरीवर घेतला. त्याच कल्पनेतून २००७ चा 'पोर्टल' झाला. कॉलेजातल्या प्रकल्पाला याहून मोठे बक्षीस कोणते मिळणार?

अशा कथा माहितीपत्रकांत छापल्या जातात. ज्या छापल्या जात नाहीत त्याही पाहू.

२०११ मध्ये ब्रिटनमध्ये इयान लिव्हिंगस्टन आणि ॲलेक्स होप यांचा 'नेक्स्ट जेन' हा अहवाल आला. लिव्हिंगस्टन हे गेम उद्योगातले, होप हे चित्रपटांतल्या दृश्यपरिणामांच्या क्षेत्रातले. तोवर देशात व्हिडिओ गेमचे शंभराहून अधिक अभ्यासक्रम निघाले होते. पण उद्योगाची अधिकृत मान्यता लाभलेले हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. आणि या खास अभ्यासक्रमांतून बाहेर पडलेल्यांपैकी सहा महिन्यांत गेम उद्योगात नोकरी मिळालेले होते अवघे १२ टक्के. कारण अहवालाने स्पष्ट सांगितले : गणित, भौतिकशास्त्र, संगणकशास्त्र आणि चित्रकला यांचा पाया पक्का नसताना वरवरचे थोडे थोडे सर्व काही शिकवले जात होते. शाळांवरही त्यांनी बोट ठेवले. शाळेतला 'संगणक' विषय म्हणजे पत्र टंकणे आणि तक्ते भरणे. मुले यंत्र वापरायला शिकत होती, घडवायला नाही. १९८२ मध्ये स्पेक्ट्रम उघडताच जी भाषा पडद्यावर दिसे, ती शाळेतून हरवली होती. २०१४ पासून इंग्लंडच्या शाळांत प्रोग्रॅमिंग शिकवणारा नवा 'कॉम्प्युटिंग' विषय आला, त्यामागे या अहवालाचाही वाटा आहे.

स्वतः डंडीलाही धक्का बसला होता. डेव्हिड जोन्स यांनी नंतर काढलेल्या रिअलटाइम वर्ल्ड्स या कंपनीने दहा कोटी डॉलरहून अधिक भांडवल उभे केले होते आणि तिच्याकडे सुमारे तीनशे माणसे होती. तिचा 'एपीबी' हा खेळ २०१० च्या उन्हाळ्यात आला, चालला नाही, आणि ऑगस्टमध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली. काही आठवड्यांत खेळाचे सर्व्हरही बंद. ज्यांनी पदवी घेतली होती आणि ज्यांनी घेतली नव्हती, सगळे एकाच सकाळी रस्त्यावर आले. त्यांतल्या काहींनी गावातच छोट्या कंपन्या काढल्या, काही गाव सोडून गेले. डंडीतला उद्योग संपला नाही; 'माइनक्राफ्ट'ची एक्सबॉक्सवरची आवृत्ती २०१२ मध्ये आली, ती बनवणाऱ्या फोरजे स्टुडिओजचेही एक कार्यालय डंडीतच.

आता त्या तपशिलाकडे, जो लक्षात ठेवायला सांगितला होता.

डंडीची अधिकृत कथा फार गोड आहे. ताग गेला, घड्याळे आली. घड्याळे गेली, स्पेक्ट्रम आला. स्पेक्ट्रममधून लेमिंग्ज, लेमिंग्जमधून विद्यापीठ. पर्थ रोडवर २०१३ पासून एका खांबावर चढणारे कांस्याचे तीन लेमिंग आहेत, पर्यटक त्यांच्यासोबत छायाचित्रे काढतात. एका उद्योगाने दुसऱ्याच्या हातात मशाल दिली, अशी ही मांडणी. मीही हा धागा जवळपास तशीच लिहीत आले, हे तुमच्या लक्षात आले असेल.

परंतु १९९३ मध्ये टायमेक्समध्ये काय झाले ते या कथेत बसत नाही. जानेवारीत कपातीवरून संप झाला. व्यवस्थापनाने ३४३ कामगारांना काढून टाकले आणि त्यांच्या जागी दुसरी माणसे आणली. ती बसमधून फाटकातून आत नेली जात आणि बाहेर बायका थंडीत उभ्या राहून ओरडत. काढलेल्यांत बहुतांश स्त्रिया होत्या. सात महिने फाटकापुढे झगडा चालला. ऑगस्टमध्ये कंपनीने कारखानाच बंद केला.

चार वर्षांनी त्याच गावात गेमची पदवी आली. फाटकाबाहेरच्या त्या बायकांपैकी कितीजणी तिच्या वर्गात बसल्या असतील? पन्नाशीतल्या जुळणी-कामगार स्त्रीला सदिश गणिताच्या वर्गात कोणी बोलावलेही नसणार. ज्या हातांनी स्पेक्ट्रम जुळवले त्यांना त्या यंत्राच्या पुढच्या इतिहासात जागा मिळाली नाही. ती मिळाली संध्याकाळी मंडळात जायला मोकळ्या असलेल्या मुलग्यांना. शंभर वर्षे बाईच्या कमाईवर चाललेल्या गावाने जो नवा धंदा उभारला त्याचे संस्थापक सगळे पुरुष. मेरी ॲन बॅक्स्टर यांनी १८८१ मध्ये कागदावर लिहून घेतलेली अट इथे कोणी मोडली नव्हती, दारे सर्वांना उघडीच होती. तरीही असे झाले. एक उद्योग जाऊन दुसरा आला असे आपण सहज लिहितो. 'जाऊन' आणि 'आला' या दोन शब्दांमध्ये माणसे बदललेली असतात, आणि मधल्या माणसांचे पुढे काय झाले हे बहुधा कोणीही लिहून ठेवलेले नसते. गिरणगावचा इतिहास वाचणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको. परळच्या गिरण्यांच्या जागेवरच्या काचेच्या इमारतींत आज कोण काम करते, आणि १९८२ च्या संपातल्या कामगारांची नातवंडे त्यांत किती, हा प्रश्न डंडीच्या प्रश्नाचा सख्खा भाऊ आहे.

संसदेतल्या त्या चर्चेचे काय झाले? काहीच नाही. खेळाच्या प्रकाशकांनी मॅक्स क्लिफर्ड या प्रसिद्धीतज्ज्ञाला हाताशी धरले होते आणि हा संताप पेटता राहील याची तजवीज केली होती, हे नंतर उघड झाले. वर्ष सरता सरता खेळ बाजारात आला आणि धो धो खपला. डीएमए पुढे विकली गेली, एडिनबरोला हलली आणि आज रॉकस्टार नॉर्थ या नावाने ओळखली जाते. म्हणजे डंडीची सर्वांत प्रसिद्ध कंपनी आता डंडीत नाही. पदवी मात्र आहे.

आणि १९९८ मध्ये, हा अभ्यासक्रम सुरू होऊन जेमतेम वर्ष झाले असताना, बांगलादेशातून कच्चा ताग घेऊन आलेले अखेरचे जहाज डंडीच्या धक्क्याला लागले.

आपल्याकडे हे शिक्षण आत्ता कुठे रुजते आहे. राष्ट्रीय डिझाइन संस्थेच्या बंगळूर केंद्रात डिजिटल गेम डिझाइनचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे. मुंबईत २०२५ मध्ये ॲनिमेशन, दृश्यपरिणाम आणि गेमिंग यांसाठी इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ क्रिएटिव्ह टेक्नॉलॉजीज सुरू झाली. पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्स या लहान चमूने केलेला 'राजी' हा खेळ २०२० मध्ये जगभर गेला. त्याच्या बरोबरीने "शंभर टक्के नोकरी"चे फलक लावणारे खाजगी वर्गही गल्लोगल्ली निघाले आहेत. त्यातल्या एकात भावाबरोबर मी स्वतः चौकशीला गेले होते. गणित किती शिकवता, असे विचारल्यावर समोरच्या बाईंनी हसून सांगितले की गणिताची अजिबात भीती बाळगू नका, आमच्याकडे गणित नाहीच. आम्ही माहितीपत्रक घेऊन बाहेर आलो.

मामाला मी डंडीची गोष्ट सांगितली. ताग, टायमेक्स, १२ टक्के, सगळे. त्याने शांतपणे ऐकले आणि एवढेच विचारले, "त्या डेलीने आधी चित्रकला कुठे शिकली होती?" मला उत्तर देता आले नाही. पण प्रश्न "कॉलेज लागतं का" वरून "आधी काय यायला लागतं" इथवर आला, हे काही कमी नाही.

भावाला मी एक काम दिले होते : चौकटीची वही घे, ८ बाय ८ चौकोन आख आणि चालता माणूस काढ. एकूण आठ चित्रांची चाल. काल त्याने छायाचित्र पाठवले. केस छान उडत आहेत. पाय अजून घसरत चालल्यासारखे दिसतात. म्हणाला, सहाव्या चित्रात गडबड आहे, उद्या परत काढतो.

आता ती विनंती. तुमच्यापैकी कोणाच्या घरी, काकांच्या कपाटात, माळ्यावर 'डीबी स्पेक्ट्रम प्लस' असेल तर त्याचे छायाचित्र खाली टाका. कोणी, कुठून आणि केवढ्याला घेतला होता तेही आठवत असेल तर लिहा. आणि ज्यांच्या घरातले कोणी रेडिओच्या, घड्याळाच्या, टीव्हीच्या कारखान्यात जुळणीवर कामाला होते, त्यांनी तर जरूर लिहावे. पुढचा धागा त्यांच्या आठवणींवर करायचा आहे.